वरचा आकडा

डेअरीत आमच्या ताईंना सगळे फॅटताई म्हणायचे. अंगाने म्हणाल तर अगदी काडीपहिलवान. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, त्यांना तोंडावर चिडवायचा, की वारं सुटलं असेल तर खिशात दगड ठेवून बाहेर पड. पण दुधाला किती फॅट लागणार हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं.

मी लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. मी चहाला दूध काढलं, तर ताईंनी त्यातलं चमचाभर घेऊन उजेडात धरलं, चमचा तिरपा केला आणि म्हणाल्या, "दूधवाला बदला. याला तीनसुद्धा लागणार नाही." नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात कुणी असं बोलतं का? माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. मी फाडकन म्हणाले, "मी शाळेत गणित शिकवते, दूध तपासत नाही." त्या हसल्या. "बरं, मास्तरीणबाई," म्हणाल्या. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी त्यांची मास्तरीणबाईच. रागावल्या तरी मास्तरीणबाई, लाडात आल्या तरी मास्तरीणबाई. दूधवाला मात्र आम्ही बदलला.

त्यांचं सांगायचं तर सगळं आयुष्य त्या एका डेअरीत गेलं. वडील अचानक गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या, दहावी झालेल्या, आणि भाऊ बारा वर्षांचा. डेअरीत नोकरी मिळाली ती धुलाईत. दुधाच्या पिशव्या ज्या प्लास्टिकच्या क्रेटमधून जातात ते क्रेट परत आले की धुवायचे. दिवसभर पायाखाली पाणी, वरून सोड्याची वाफ. चार वर्षं त्या तिथे होत्या, आणि तिथेच त्यांना दमा लागला.

त्या वेळी एक म्हातारा केमिस्ट होता. तो एकदा धुलाईवरून चालला होता आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशीच्या मिश्रणाचा हिशेब लिहिलेला होता. ताई क्रेट घासता घासता शेजारणीला म्हणाल्या, "हे चुकलंय." केमिस्ट थांबला. म्हणाला, कशावरून? ताईंनी क्रेट खाली न ठेवता तोंडी हिशेब सांगितला. दुसऱ्या आठवड्यात ताई वरच्या लॅबमध्ये, खिडकीशेजारच्या स्टुलावर. त्या स्टुलावर सत्तावीस वर्षं बसल्या. भावाचं शिक्षण त्याच स्टुलावरून झालं. स्वतःच्या लग्नाचं कुणी काढलं की म्हणायच्या, आधी याचं होऊ दे. याचं झालं तोवर त्यांचं विचारायचं लोकांनी सोडून दिलं होतं.

काम काय, तर काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालायचं, नळी यंत्रात गरगर फिरवायची आणि वर आलेली चरबी मोजायची. ॲसिडमुळे त्यांच्या ॲप्रनला जागोजाग भोकं. पण खरं डोक्याचं काम पुढचं. एका टाकीत पातळ दूध, दुसरीत घट्ट. दोन्ही एकत्र केल्यावर फॅट किती येईल ते आधी सांगायचं आणि फळ्यावर लिहायचं. पिशवीवर छापलेलं असतं, किमान ३.५. त्याच्या खाली भरलं तर माल थेट परत. म्हणून कमी भरत असेल तर पिशव्या भरण्याआधीच साय वाढवायची.

फळ्यावर दशांशाला एकच घर होतं. उत्तर ३.४७ आलं तर काय लिहायचं? केमिस्टने त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ३.४ लिहायचं. "वरचा आकडा कधी धरायचा नाही. कमी लिहिलंस तर चार लिटर साय जास्त जाईल. जास्त लिहिलंस तर आख्खा माल परत येईल." तो स्वतः तरुणपणी एकदा पोळला होता म्हणे. ताईंनी सत्तावीस वर्षांत वरचा आकडा एकदाही धरला नाही, आणि त्यांच्या हातचा माल एकदाही परत आला नाही. याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवायच्या नाहीत, पण होता.

मग डेअरी दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि एक दिवस ताई घरी आल्या त्या हातात कागद घेऊन. लॅबमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने गणिताची एक ठरावीक परीक्षा द्यायची. सगळीकडे तीच परीक्षा, संगणकावर, चाळीस प्रश्न, चोवीस बरोबर आले पाहिजेत. एकदाच बसता येईल. नापास झालेल्याला खाली पाठवणार. तीन महिने मुदत.

"खाली म्हणजे?" मी विचारलं.

"क्रेट," ताई म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालत बसल्या. घडीवर घडी, घडीवर घडी, शेवटी तो तिकिटाएवढा झाला.

डॉक्टरांनी त्यांना केव्हाचं बजावलं होतं, की ओल आणि सोड्याची वाफ तुमच्या छातीला आता सोसायची नाही. पन्नाशीच्या बाईला पुन्हा त्या पाण्यात उभं करायचं? माझं डोकंच फिरलं. "सत्तावीस वर्षं जे रोज करताय त्याची परीक्षा कसली घेतायत? बघतेच मी! तीन महिन्यांत तुम्हाला अशी तयार करते की त्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत." नवरा म्हणाला, "ताई, आता तुझी खैर नाही. शाळेतली मुलं हिला बघून रस्ता बदलतात." ताई हसल्या, पण कसंनुसं.

त्यांची पहिली पाळी पहाटे पाचची, दुपारी दोनला सुटायच्या. माझी शाळा तीनला. चार वाजता आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. परीक्षेचं पुस्तक आणलं होतं, त्यात तिसरा हिस्सा भारित सरासरीचा. मी म्हटलं, चला, हे तर तुमचं माहेर. पहिलं गणित दिलं. एका तुकडीत चाळीस मुलं, त्यांची सरासरी साठ मार्क. दुसरीत दहा मुलं, त्यांची सरासरी ऐंशी. सगळ्यांची मिळून किती?

ताईंनी खूप वेळ कागदाकडे पाहिलं आणि लिहिलं, सत्तर.

मी कपाळावर हात मारला. "अहो ताई! साठ आणि ऐंशीचं अर्धं केलंत होय? चाळीस मुलं कुठे आणि दहा कुठे!"

"मुलांचं मला काय कळतंय," त्या पुटपुटल्या. "मला वाटलं परीक्षेत असंच असेल."

"बरं, असं सांगा. चाळीस लिटर दूध, साठ फॅटचं..."

"साठ फॅटचं दूध असतं का कधी?"

"धरा हो! दहा लिटर ऐंशी फॅटचं. एकत्र ओतलं. किती लागेल?"

त्यांनी पेनसुद्धा उचललं नाही. "दहा म्हणजे पन्नासातला पाचवा हिस्सा. अंतर वीस. विसाचा पाचवा हिस्सा चार. साठावर चार चढव. चौसष्ट." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अर्धं-अर्धं कोण ओततंय? मोठी टाकी आपल्याकडे ओढणारच की."

मी बघतच राहिले. बावीस वर्षं मी मुलांना सूत्र पाठ करायला लावतेय, गुणाकार करा, बेरीज करा, भागाकार करा, मुलांच्या तोंडाला फेस येतो. आणि ही बाई क्षणात सांगते, लहान हिस्सा किती, अंतर किती, तेवढं चढवा. दुसऱ्या दिवशी मी शाळेत तसंच शिकवलं. मागच्या बाकावरच्यांनासुद्धा आलं. श्रेय कुणाला दिलं ते विचारू नका.

मग मी एक युक्ती काढली, आणि त्या युक्तीचा मला फार गर्व होता. प्रश्न कशाचाही असो, तो दुधाचा करायचा. तुकडी म्हणजे टाकी, मुलं म्हणजे लिटर, मार्क म्हणजे फॅट. गाडी दोन तास ताशी चाळीसने गेली आणि तीन तास साठने, तर सरासरी वेग किती? ताई पेन गालाला लावून विचारायच्या, "यात लिटर कोण?" मी म्हणायचे, तुम्ही सांगा. थोडा विचार करून, "तास." आणि मग एका दमात, "तीन हिस्से पाचातले, अंतर वीस, बारा चढव, बावन्न." त्यांचा चेहरा असा खुलायचा!

नवऱ्याने ते वाक्य उचललं. कुठला सरकारी फॉर्म भरायचा असला, शेजाऱ्यांचं भांडण कानावर आलं, काहीही समजलं नाही की हा म्हणणार, "यात लिटर कोण?" ते तीन महिने आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं त्याआधी झालं नव्हतं. नंतरही नाही.

एक सांगायचं राहिलं, आणि तेच महत्त्वाचं आहे. पुस्तकातली अक्षरं बारीक. ताईंच्या डोळ्यांना ती दिसेनात, डोकं दुखायचं. म्हणून मी शाळेत रिकाम्या तासाला बसून त्यांच्यासाठी गणितं बनवायचे, मोठ्या अक्षरात, पानावर दोन. रोज वीस-पंचवीस. आणि आम्हा शिक्षकांची एक खोड असते. आम्ही उत्तर आधी ठरवतो आणि त्यावरून गणित रचतो, म्हणजे उत्तर सुटसुटीत येतं. चौसष्ट. बावन्न. साडेचार. तीन महिन्यांत मी त्यांना दीड हजारावर गणितं घातली असतील. त्यातल्या एकाचंही उत्तर लांबलचक दशांशात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. केंद्र म्हणजे एक मोठी इमारत, दाराशी रांग, रांगेत सगळी पोरंसोरं. ताईंचे हात गार पडले होते. "मास्तरीणबाई, मला काही म्हणजे काही आठवत नाहीये," म्हणाल्या. ओठ कोरडे. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "ताई, परीक्षा-बिरीक्षा सगळं विसरा. समोर येईल ते दूध आहे असं समजा. टेबलावर करता ना, अगदी तसंच करा. हात बदलू नका."

"टेबलावर करते तसंच," त्या म्हणाल्या. मान हलवली आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर रंग होता. "भूमितीचं काही जमलं नाही. पण सरासरीचे सगळे आले गं. सगळे. तू घालतेस त्यांच्यापेक्षा जरा वेडेवाकडे होते, पण आले." वाटेत आम्ही बिस्किटांचा पुडा घेतला आणि दोघींनी चालता चालता संपवला, शाळकरी मुलींगत. वेडेवाकडे म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

निकाल आला. बावीस.

दोन मार्कांनी. माझा विश्वासच बसेना. ताई म्हणाल्या, "जाऊ दे, माझं डोकंच नाही तेवढं." मी कसलं जाऊ देतेय! त्यांना ओढत डेअरीच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या साहेबासमोर उभी राहून म्हणाले, "परीक्षा काय देवाने तपासली का? आम्हाला उत्तरं बघायची आहेत. बघितल्याशिवाय इथून हलणार नाही." आवाज बाहेर गेला असणार, कारण दोन-चार माना डोकावल्या. साहेब कंटाळला आणि त्याने संगणक आमच्याकडे फिरवला.

अठरा ओळी लाल होत्या. भूमितीच्या बऱ्याच, टक्केवारीच्या काही. ताई लांब भिंतीशी उभ्या, चष्मा पर्समध्येच. मी खाली सरकत गेले आणि एका ठिकाणी थांबले.

सातशे लिटर दूध, फॅट ३.४. तीनशे लिटर, फॅट ६.०. मिश्रणाची फॅट जवळच्या एक दशांश स्थळापर्यंत सांगा. मी मनात केलं, त्यांच्याच पद्धतीने. तीन हिस्से दहातले, अंतर २.६, त्याचे ०.७८. चढवलं की ४.१८. म्हणजे ४.२. ताईंनी निवडलं होतं ४.१.

पुढे बघितलं. चाळीस मुलांची सरासरी ५८, वीस मुलांची ७२. उत्तर ६२.६७, जवळची पूर्ण संख्या ६३. ताईंनी, ६२. त्याच्या पुढे ॲसिडचं एक मिश्रण, १६.८७ येत होतं. बरोबर उत्तर १६.९. ताईंनी, १६.८.

तीन गणितं. तिन्ही तंतोतंत सोडवलेली, आणि तिन्हींत शेवटी खालचा आकडा. मुलांच्या मार्कांतसुद्धा खालचा आकडा! का नसेल? मीच सांगितलं होतं ना, सगळं दूध आहे म्हणून. मीच सांगितलं होतं, टेबलावर करता तसंच करा. बावीस आणि तीन पंचवीस. त्या पास होत्या.

"काही सापडलं का?" साहेबाने विचारलं.

मी भाजीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत कुणाला सोडत नाही. त्या दिवशी माझी दातखीळ बसली. भांडायचं तर काय म्हणून भांडू? तिथे लिहिलेलंच होतं, जवळच्या. तीन महिने रोज समोर बसून मी हे त्यांना एकदाही शिकवलं नाही, कारण माझ्या गणितांत त्याची वेळच आली नाही. हे त्या साहेबासमोर, ताईंसमोर कबूल करायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे निकाल."

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "कुठं चुकलं गं?"

"घाईत चुकलं, ताई. शब्दांच्या गणितांत."

"असेल," त्या म्हणाल्या. "माझी अक्कल ती केवढी. तू तरी किती डोकं फोडणार."

पुढच्या सोमवारी ताई खाली गेल्या. रबरी बूट, रबरी हातमोजे, पायाखाली तेच पाणी. एकतीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली होती तिथेच, तीच मोरी, फक्त नळ नवे. वरच्या स्टुलावर एक नवी बाई आली, परीक्षेत पस्तीस मिळवलेली. बाई चांगली होती, ताई स्वतः सांगायच्या. मानाने वागायची, कधी भेटली तर थांबून बोलायची. मला मात्र तिचा इतका राग यायचा, की तिचं नाव काढलं तरी मी भांडी आपटायचे. माझा राग कुणावर होता ते मला नीट ठाऊक होतं.

ताईंचा खोकला महिन्याभरात सुरू झाला. आधी सकाळी, मग दिवसभर. जिना चढताना मध्येच थांबायच्या आणि कठड्याला धरून उगाच खाली बघत राहायच्या, जणू काही बघायला थांबल्यात. नवरा म्हणाला, सोड नोकरी. तर म्हणे, पेन्शनला चार वर्षं आहेत, मध्येच कशी सोडू. दुधाचा चमचा उजेडात धरणं त्यांनी बंद केलं. मी मुद्दाम विचारायचे, "ताई, याला किती लागेल हो?" तर म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं. कळत असतं तर पास नसते का झाले?"

दर वेळी मला वाटायचं, आता सांगावं. जेवताना वाटायचं, औषध देताना वाटायचं. आणि दर वेळी मी गिळून टाकायचे. सांगून काय होणार, दुसरी संधी तर नाहीच, असं मी स्वतःला पटवायचे. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. घाबरट आहे मी. आवाज मोठा असला म्हणून माणूस धीट असतो असं नाही.

असे सहा महिने गेले. मग एक दिवस मी शाळेतून आले तरी ताई घरी नव्हत्या. चार वाजले, पाच वाजले. सहाला आल्या, कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि दारातच खाली बसल्या. मी पाणी दिलं. बराच वेळ नुसती छाती वरखाली होत होती.

"एवढा उशीर?"

"माल परत आला," त्या म्हणाल्या. "कालचा सगळा. पिशव्या फोडून ओतल्या. दीड हजार क्रेट धुवायला आले, उद्याही तेच आहे."

"कशाने परत आला?"

"फॅट कमी भरली." त्या एकेक शब्द थांबत बोलत होत्या. "मी जाऊन फळा बघितला. तेरा हजार दोनशे लिटर ३.१, अठराशे लिटर ६.१. बारा हिस्से शंभरातले, अंतर तीन. ३.४६ येतं. तिने ३.५ लिहिलं. साय वाढवलीच नाही."

मी मनात म्हटलं, आता गप्प राहा. आता तरी गप्प राहा. पण माझं तोंड! "मग सांगितलं का नाही त्यांना? सत्तावीस वर्षांत तुमचा एक थेंब परत आला नाही! जाऊन सांगायचं होतं तोंडावर!"

"काय सांगू? ती पास झालेली आहे." ताई ओल्या मोज्यांची बोटं एकेक करून ओढत होत्या. "मी विचारलं तिला, बाई, वरचा आकडा का धरलास? तर म्हणाली, परीक्षेत असंच होतं की."

मी पाण्याचा पेला उचलून आत न्यायला वळले.

ताईंनी एक मोजा काढून बाजूला ठेवला. दुसरा तसाच हातात राहिला. मग त्यांनी वर पाहिलं. "परीक्षेत असंच होतं का गं?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न आला तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेईन. तोंडातून निघालं, "हो, ताई."

"किती गणितं होती तशी?"

"तीन."

त्यांनी हिशेब केला. ओठ हलले नाहीत, पण मला दिसला. "पंचवीस होतात."

"हो."

"म्हणजे माझी गणितं बरोबर होती."

"बरोबर होती, ताई. सगळी. चूक माझी होती. मी तुम्हाला हे शिकवायलाच हवं होतं, आणि वर मीच सांगितलं, टेबलावर करता तसंच..." मला रडू फुटलं. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. "माफ करा मला."

माझ्या रडण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होत्या. "तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "त्याच दिवशी. ऑफिसात."

खोकल्याची उबळ आली. मी पाठीवरून हात फिरवायला गेले, तर त्यांनी तो हात बाजूला केला. झिडकारला नाही. नुसता उचलला आणि बाजूला ठेवला. उबळ ओसरल्यावर म्हणाल्या, "शिकवायचं राहिलं ते राहिलं. माणूस आहे, राहतं. पण सहा महिने मी स्वतःला ढ समजत होते गं. रोज. एकेक क्रेट घासताना. तू समोर बसून जेवत होतीस आणि मला समजू देत होतीस."

त्या भिंतीला धरून उठल्या, मोजे उचलले आणि न्हाणीघरात जाऊन दोरीवर वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला नेहमीप्रमाणे मी दार उघडायला उठले. त्यांचे उरलेले क्रेट होते. मी डबा दिला. त्यांनी घेतला. रोज निघताना म्हणायच्या, "येते मास्तरीणबाई, दार लावून घ्या." एकोणीस वर्षं म्हणायच्या.

"दार लाव," म्हणाल्या, आणि गेल्या. त्याला आता दोन वर्षं झाली. बोलतात माझ्याशी, जेवतात, औषध माझ्याच हातून घेतात. पण मास्तरीणबाई त्यांनी मला पुन्हा म्हटलेलं नाही.